जिद्द आणि जिना : अपंगांच्या आत्मकथनांचे उशिरा केलेले वाचन

बावीस वर्षांपूर्वी मी नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनावर एक परीक्षण लिहिले होते. जिल्ह्याच्या गावाहून निघणाऱ्या एका छोट्या नियतकालिकात ते आले. माझ्या नावाने छापलेला तो पहिलाच मजकूर, म्हणून कात्रण जपून ठेवले होते. यंदा पावसाळ्यात छत गळू लागले तेव्हा कागदांची आवराआवर करताना ते हाती लागले, आणि वाचून मी ओशाळलो. दीड पानाच्या मजकुरात ‘जिद्द’ हा शब्द नऊ वेळा आहे, ‘प्रेरणादायी’ सहा वेळा. ‘अपंगत्वावर मात’ हे तर शीर्षकच आहे. ‘पगार’ हा शब्द एकदाही नाही. ‘जिना’ नाही, ‘संडास’ नाही, ‘बस’ नाही. शेवटी एक शेरा मात्र आहे : पुस्तकाचा उत्तरार्ध संस्थेच्या अहवालासारखा झाला असून त्यामुळे ते वाङ्मयदृष्ट्या उणे पडते.

एखाद्या धडधाकट प्राध्यापकाने असे लिहिले असते तर मी ते बाजूला ठेवले असते. पण ते लिहिणाऱ्याच्या दोन्ही पायांना वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओ झालेला होता. बीडच्या बसस्टँडजवळ माझा एसटीडी-पीसीओ बूथ होता, त्याचा परवाना मला अपंग म्हणूनच मिळाला होता, आणि त्या बूथला दोन पायऱ्या होत्या. रोज सकाळी कुबड्या आधी आत टाकायच्या, मग हातांवर जोर देऊन स्वतःला वर ओढायचे, मग शटर उचलायचे. अशा माणसाने त्याच बूथमध्ये, दोन फोनच्या मधल्या वेळात, चाकाच्या खुर्चीतल्या बाईच्या पुस्तकावर लिहिले आणि त्याला त्या पुस्तकात एकही पायरी दिसली नाही. हे कसे झाले, याचा शोध मला घ्यावासा वाटला. त्यासाठी आधी स्वतःलाच तपासावे लागते.

शब्दापासून सुरुवात करतो. ‘मात’ हा बुद्धिबळाच्या पटावरचा शब्द, फारसी-अरबीतून आलेला. शह दिला, मात केली, डाव संपला. अपंगत्वावर मात केली म्हणजे डाव संपला असे वाचणाऱ्याला वाटते. पण नसीमादीदी पुस्तकाच्या शेवटच्या पानावरही खुर्चीतच आहेत, आणि मी परीक्षण लिहून झाल्यावर त्याच दोन पायऱ्या उतरून घरी गेलो. मग मात कुणावर झाली? खरे तर या शब्दाने वाचकाची सोय होते. मात झाली म्हटले की त्याला पुढे काही करायचे उरत नाही, फक्त टाळ्या वाजवायच्या. (अपंग, विकलांग, दिव्यांग या नावांच्या वादात मी इथे शिरत नाही. २०१५च्या अखेरीस ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी झाला, २०२२च्या डिसेंबरात महाराष्ट्राने त्या नावाचा स्वतंत्र विभागही काढला. मला ‘अपंग’ चालतो. दिव्य असे माझ्या अंगात काही नाही, आणि संडासाच्या उंबरठ्यावर अडखळताना तर ते मुळीच जाणवत नाही.)

मराठी समीक्षेला वेगळे वाचन येत नाही असे नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ पुढच्याच वर्षी, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. पहिल्यांदा खळखळ झाली, भाषेवर आणि कलात्मकतेवर वाद झाले. पण दहा-पंधरा वर्षांत मराठी वाचक हे शिकला की ही एकट्याच्या चिकाटीची गोष्ट नव्हे. ही गावाची, पाणवठ्याची, शाळेच्या उंबऱ्याची, पोलीस ठाण्यातल्या वहीची गोष्ट आहे. ‘उचल्या’वर आज कोणी ‘लेखकाने परिस्थितीवर मात केली’ एवढेच लिहिले तर त्याला आपण समीक्षक म्हणणार नाही. आत्मकथनात व्यक्ती बोलते आणि व्यवस्था उघडी पडते, ही दृष्टी आमच्या मराठवाड्यातल्या साध्या वाचकालाही आहे. अपंगांच्या आत्मकथनांपाशी आली की मात्र ती मिटते. तिथे समीक्षक एकदम सत्कार समारंभाचा सूत्रसंचालक होतो.

जात आणि अपंगत्व एकच आहे असे मला म्हणायचे नाही. एक मोठा फरक आहे आणि तो या लेखनाच्या रूपावरही परिणाम करतो. जातीचे चटके बसणाऱ्या मुलाच्या घरात आई, बाप, आजी, शेजारी सगळे त्याच जातीचे असतात. त्याला ‘आम्ही’ आयता मिळतो. अपंग मूल बहुधा घरात एकटेच अपंग असते. त्याचा ‘आम्ही’ त्याला कुठूनतरी शोधून आणावा लागतो, आणि तो सापडेपर्यंत निम्मे आयुष्य गेलेले असते. म्हणून दलित आत्मकथनाची सुरुवात वस्तीने होऊ शकते. अपंगाच्या आत्मकथनाची सुरुवात बहुधा एका दिवसाने होते – ताप आला तो दिवस, पडलो तो दिवस, डॉक्टरांनी हात टेकले तो दिवस.

आणि दोन्ही गोष्टी एकाच घरात आल्या तर काय होते हे बीड जिल्ह्यात शोधायला लांब जावे लागत नाही. माझे आईवडील ऊसतोडीला जात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हा हिशेब इथल्या पोरालाही ठाऊक असतो. मी लहान असताना दोन हंगाम आई माझ्यापायी गावी राहिली. वडील एकटे गेले. मुकादमाच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘अर्धा कोयता’ लागले आणि उचलही निम्मीच मिळाली. माझ्या पायांची किंमत आकड्यात पहिल्यांदा लिहिली गेली ती त्या वहीत. पुढे आजीने मला सांभाळले तेव्हा आई पुन्हा तोडीला गेली. मी बावीस वर्षांपूर्वी जिद्दीवर नऊ वेळा लिहिले, त्यात हे दोन हंगाम कुठे आले नाहीत. जिद्द माझी होती आणि मजुरी आईची बुडाली होती.

आपल्या वाचनाला ही सवय लागली कशी, हे पाहायला थोडे मागे जावे लागेल. आमचे गाव गेवराई तालुक्यातले, गोदावरीच्या अंगाचे. पैठण फार लांब नाही. सप्ताहात भारुडे होत. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशी सोंगे आहेत. सोंग घेणारा पाय मुडपून सरपटत यायचा आणि लोक हसायचे. काही जण माझ्याकडेही बघायचे. एकनाथांना शरीराविषयी काही म्हणायचे नव्हते हे मला आता कळते. त्यांचा पांगळा हा परमार्थाच्या वाटेवर पाय न उचलणारा माणूस आहे. सोंग आहे ते धडधाकट श्रोत्याचे. त्यांची करुणा मोठी होती, यात मला शंका नाही. पण रूपक एकदा रुजले की मूळ देह त्यात हरवतो. आज पुरोगामी म्हणवणारा संपादकही ‘लंगडी सबब’, ‘बहिरे सरकार’, ‘पांगळी यंत्रणा’ असे सहज लिहून जातो. मराठीत अपंग देह हा शतकानुशतके दुसऱ्याच कशाची तरी खूण म्हणून वापरात आहे – अज्ञानाची, पापाची, नाही तर धैर्याची. धैर्याची खूण होणे सन्मानाचे वाटते, पण तिथेही देह खूणच राहतो.

दुसरे उदाहरण विदर्भातले, गुलाबराव महाराजांचे. जन्म १८८१, नवव्या महिन्यात दृष्टी गेली, १९१५ साली, पस्तिशीही गाठण्याआधी निधन. आणि एवढ्या आयुष्यात शंभराहून अधिक लहानमोठ्या ग्रंथांची रचना. त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले गेले. त्यांच्या विद्वत्तेविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण एक स्वशिक्षित संशोधक म्हणून मला दुसराच प्रश्न पडतो : त्यांना वाचून कोण दाखवत होते? त्यांचे सांगितलेले लिहून कोण घेत होते? भक्त, शिष्य, घरची माणसे असा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचा एक ताफाच त्यांच्याभोवती होता, म्हणून ते ग्रंथ झाले. ही कमीपणाची गोष्ट नाही. उलट एका अंध लेखकाला काय काय लागते याचा मराठीतला तो उत्तम नमुना आहे. पण ‘प्रज्ञाचक्षू’ हा शब्द आला की वाचून दाखवणारे गळा आणि लिहून घेणारे हात दोन्ही अदृश्य होतात. चमत्कार उरतो. चमत्काराला वाचनिक लागत नाही आणि ग्रंथालयाला त्याची सोय करावी लागत नाही.

आता पुन्हा ‘चाकाची खुर्ची’. या वेळी मी पेन्सिल घेऊन बसलो आणि ज्या ज्या ठिकाणी एखादी वस्तू, इमारत, वाहन, कागद किंवा पगार आला तिथे खूण करत गेलो. पुस्तक बदलूनच गेले.

ऐन सतराव्या वर्षाच्या आसपास शरीराचा खालचा भाग निकामी झालेली मुलगी निराशेच्या तळाशी आहे. तिला तिथून वर आणणारी भेट आहे बाबूकाका दिवाण यांची. मी तेव्हा लिहिले होते की बाबूकाकांच्या सकारात्मक विचारांनी नसीमाताईंना नवी उमेद दिली. आता वाचताना दिसते ते वेगळे. बाबूकाका स्वतः कमरेखाली लुळे असलेले, चाकाच्या खुर्चीतले उद्योजक आहेत, आणि आपल्या शरीराला सोयीची करून घेतलेली गाडी ते स्वतः चालवतात. त्या मुलीला उपदेश घरी भरपूर मिळत असणार. तिला पाहायला मिळाली ती एक गाडी. आपल्यासारखाच माणूस, आणि त्याच्या हाताशी बसवलेले यंत्र. मघाशी म्हटले तो शोधून आणावा लागणारा ‘आम्ही’ तिला तिथे भेटला. उमेद त्यातून आली असेल, पण उमेदीच्या आधी गाडी होती.

दुसरी खूण नोकरीपाशी. नसीमा हुरजूक यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली. ‘समाजसेविका’ म्हणून ओळख झालेल्या बाईच्या चरित्रात नोकरीचा भाग लोक घाईने वाचतात. मला तो पुस्तकाचा कणा वाटतो. मासिक पगार असलेली, कचेरीत जाणारी अपंग बाई १९७०च्या दशकात कोल्हापुरात काय उलथापालथ करत असेल! घरात तिचे स्थान बदलते, संस्थेत ती देणगीवर जगणारी उरत नाही, अधिकाऱ्यासमोर ती अर्जदार म्हणून बसत नाही. पुढे पूर्ण वेळ कामासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. सोडता आली, कारण ती होती. १९९५च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के राखीव जागा आल्या, २०१६च्या कायद्याने त्या चार टक्के झाल्या; ही नोकरी त्याच्या कितीतरी आधीची. एकेकट्याला मिळणाऱ्या अशा नोकरीचे पुढे हक्कात रूपांतर झाले, ते अशा माणसांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या आधी झिजवल्यामुळेच.

तिसरी खूण त्या बदनाम उत्तरार्धापाशी. १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी राहते. मग वसतिगृह, शाळा, कोकणात काजूप्रक्रियेचे काम. जागा, पैसा, माणसे, परवानग्या. मी याला ‘अहवाल’ म्हटले होते. मला काय हवे होते? बहुधा असे, की नायिकेने आपले दुःख जिंकावे आणि पुस्तक तिथे संपावे. पण बाई थांबल्या नाहीत. आपल्याला जे मिळाले ते दुसऱ्याला मिळायचे तर दार किती रुंद लागते, उतार किती लागतो, संडासात खुर्ची वळते की नाही, हे त्या बघत राहिल्या. ‘मी’ कडून ‘आम्ही’कडे जाणारे आत्मकथन असेच होणार, त्यात विटा, सिमेंट आणि ठराव येणारच. ‘उपरा’नंतर भटक्यांच्या चळवळीचे तपशील आले तेव्हा आपण त्याला सामाजिक दस्तऐवज म्हणालो. इथे मी त्याला रटाळ म्हणालो. माझी चूक मी इथे नोंदवतो.

तरी एक गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आताही आहे : पुस्तकाची शैली सरळ, कधी कधी फार सरळ आहे. प्रसंग रंगवण्याची लेखिकेला हौस नाही. वाङ्मयीन निकष बाजूला ठेवा असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की निकष लावण्याआधी पुस्तकात काय आहे ते आधी दिसायला हवे.

हेच मला सोनाली नवांगुळ यांच्याबाबत दिसते. शिराळ्याची मुलगी, नवव्या वर्षी बैलगाडीच्या अपघातात कमरेखालचे शरीर गेले, पुढे कोल्हापुरात याच ‘हेल्पर्स’मध्ये काम केले, आणि मग संस्थेतून बाहेर पडून स्वतःच्या घरात स्वतंत्र राहू लागल्या. ओटा, नळ, कडी, बटणे सगळे बसून हाताला येईल असे असले की एकटी बाई एकटी राहू शकते, ही साधी गोष्ट त्यांनी जगून दाखवली. लेखन हा त्यांचा व्यवसाय आहे. तमिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीचा त्यांनी केलेला ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ हा मराठी अनुवाद. त्याला २०२०चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. मुस्लिम घरांतल्या बायकांचे चार भिंतींतले जग सांगणारी ही कादंबरी आहे. बाहेर जाण्यावर बंदी असलेल्या बायकांची गोष्ट, आणि ती मराठीत आणणारी बाई जिला घराबाहेर पडण्यासाठी रोज रस्त्याशी झगडावे लागते – या शेजारातून एखादा चांगला समीक्षालेख निघाला असता. मी त्या वेळी जे वाचले त्यात अनुवादाविषयी दोन ओळी आणि खुर्चीविषयी दोन परिच्छेद असाच मामला होता. अनुवादकाला त्याच्या वाक्यांवरून जोखावे, हा मान तिला देण्याआधी आपण तिच्या जिद्दीची आरती ओवाळतो.

याच लेखिकेने ऑस्कर पिस्टोरिअस या कृत्रिम पायांवर धावणाऱ्या दक्षिण आफ्रिकी धावपटूचे आत्मकथन ‘ड्रीमरनर’ या नावाने मराठीत आणले होते. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो धावला, आणि पुढच्याच फेब्रुवारीत त्याने आपल्या मैत्रिणीला गोळ्या घालून ठार केले. पुढे खुनासाठी शिक्षा झाली. दोष अनुवादिकेचा नाही. पण ‘प्रेरणा’ म्हणून माणूस देव्हाऱ्यात बसवला की काय होते याचा तो धडा होता. अपंग माणूस वाईटही असू शकतो, रागीट, लबाड, आळशीही असू शकतो. त्याला चांगले असण्याच्या अटीवर उतार बांधून मिळणार असेल तर तो हक्क नव्हे, बक्षीस झाले.

ललित साहित्यावर मी इथे थांबत नाही. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त मतिमंद मुलगा आहे, पण नाटक आईबापांचे आहे. ते चांगले नाटक आहे; त्या मुलाने लिहिलेले नाटक मात्र अजून मराठीत यायचे आहे.

आता थोडे माझ्या ‘संशोधना’विषयी, कारण समीक्षेचा आणि जिन्याचा संबंध मला तिथे कळला. ज्या ग्रंथालयात मी पंचवीस वर्षे वाचले, त्याचा संदर्भ विभाग पहिल्या मजल्यावर आहे. नाव घेत नाही. तिथल्या माणसांनी मला माणुसकीने वागवले. एक शिपाईमामा होते. मी खाली वाचनकक्षात बसायचो, चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचो, ते वरून पुस्तक आणून द्यायचे. अकरा वर्षे त्यांनी हे केले. पण एक सुटे पुस्तक आणणे वेगळे आणि जुन्या मासिकांच्या बांधीव फायली आणणे वेगळे. त्या जड, ठिसूळ, खाली न्यायच्या नाहीत असा नियम. आणि शोध असा चिठ्ठीने होत नाही. कपाटासमोर उभे राहून, शेजारचे पुस्तक सहज काढून पाहून जे सापडते ते मला कधी सापडले नाही. माझ्या लेखांच्या खाली दिलेली संदर्भांची यादी कोणी नीट पाहिली तर लक्षात येईल : त्यात नियतकालिके जवळजवळ नाहीत. एका अभ्यासकाने ‘लेखकाने प्राथमिक साधनांकडे दुर्लक्ष केले आहे’ असा शेराही मारला. शेरा बरोबर होता. मी आयुष्यभर खाली येऊ शकणाऱ्या पुस्तकांचाच अभ्यास केला. मामा निवृत्त झाल्यावर तोही आटला.

आमच्या जिल्ह्याला आद्यकवीचा मान आहे. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी दरीच्या कुशीत आहे, उतरून जावे लागते. मी अजून वरूनच हात जोडले आहेत. देवाधर्माचे सोडा, पण ग्रंथालय ही दरी नव्हे, ते माणसाने बांधलेले असते.

एक सत्कारही सांगतो. एका संस्थेने माझ्या लेखनाला पुरस्कार दिला. व्यासपीठ चार फूट उंच, बाजूला लाकडी पायऱ्या. चार तरुणांनी मला खुर्चीसकट उचलले. मी हवेत असतानाच टाळ्या सुरू झाल्या. अजून मानपत्र वाचले नव्हते, माझे नावही पुरते उच्चारले नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला तो त्याच क्षणाचा. पुरस्कार कोणत्या पुस्तकासाठी, हे बातमीत नव्हते. मीही घरी येऊन खूश होतो, हे कबूल करायला हवे. टाळ्या कुणाला नको असतात?

कायद्याची भाषा या बाबतीत समीक्षकाने वाचावी अशी आहे. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारती सुगम करणे सक्तीचे आहे. नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७च्या जूनमध्ये आले. पण त्याच नियमांतल्या पंधराव्या नियमाखाली जी मार्गदर्शक तत्त्वे होती ती शिफारशीच्या सुरात होती. कायदा म्हणे ‘केलेच पाहिजे’, नियम म्हणे ‘केल्यास बरे’. राजीव रतुरी या दृष्टिहीन व्यक्तीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत वेगळे काढण्यास केंद्राला सांगितले. सगळा लढा एका क्रियापदाचा. मराठीत तर आणखी पंचाईत : आपले ‘करावे’ हे रूप आज्ञाही असते, इच्छाही आणि सल्लाही. ‘रॅम्पची व्यवस्था करावी’ असे परिपत्रक आले की प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ घेतो. शाळेत विध्यर्थ शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

पण दुसऱ्याच्या पायऱ्या मोजताना मला माझी स्वतःची पायरी उशिरा दिसली. मोबाइल आले, बूथ बंद पडला, तेव्हा मी त्याच जागेत झेरॉक्स आणि डीटीपी सुरू केले. वीस वर्षे लग्नपत्रिका, प्रबंध, कवितासंग्रह, स्मरणिका मी जुळवत आलो. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये. हे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवतात. डोळ्याला ‘क’ दिसतो, संगणकाला मात्र तिथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. छपाईला काही फरक पडत नाही.

मागच्या वर्षी एक तरुण दुकानात आला. एम.ए. मराठी करतो, जन्मापासून दिसत नाही. माझा एक लेख त्याला कोणीतरी पाठवला होता. तो म्हणाला, “काका, तुमचा लेख काही वाचता येईना. मशीन नुसतं ए, एफ, स्लॅश, डॉलर म्हणतंय.” मी म्हणालो, “मोबाइल बिघडला असेल.” त्याने तिथेच लावून ऐकवले. माझे शीर्षक, ज्यावर मी दोन दिवस घालवले होते, ते यंत्राने खरोखरच तसे वाचले. अपंगांवरचा लेख होता तो.

त्यानेच मला एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर घालून दिले. मायकेल करन आणि जेम्स टे या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली त्याचे काम सुरू केले. ते मराठी वाचते. स्वर कोरडा, पण उच्चार कळतात. अट एकच, मजकूर युनिकोडमध्ये हवा. मी वीस वर्षांत जुळवलेल्या पुस्तकांपैकी एकही त्याला वाचता येत नाही. पुस्तकाच्या दाराशी पायरी बांधणारा मीच होतो, आणि पानामागे दोन रुपये जास्त घेऊन बांधत होतो.

त्याने ‘चाकाची खुर्ची’ मागितले. वाचता येईल अशा रूपात ते आम्हाला मिळाले नाही. २०१२च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकासाठी अशी प्रत करून देण्याची मुभा आहे. दृष्टिहीनांना पुस्तके मिळावीत म्हणून झालेल्या २०१३च्या मराकेश करारावर मोहोर उठवणारा भारत हा पहिला देश. म्हणून श्रावणापासून आम्ही रोज रात्री दुकान बंद झाल्यावर बसतो. मी पाने स्कॅन करतो, मजकूर ओळखणारे यंत्र ‘घ’ला ‘ध’ आणि ‘भ’ला ‘म’ करते, मी ते सुधारतो, तो ऐकून चुका सांगतो. वीस पाने झाली की चहा. मध्येच तो थांबवून विचारतो, “त्या गाडीला ब्रेक हातानं लावायचा का, काका? कसा?” बावीस वर्षांपूर्वी मला हा प्रश्न पडला नव्हता. मी पुस्तकात पुन्हा शोधतो.

माझे जुने परीक्षणही मी त्याला युनिकोडमध्ये टाइप करून दिले, एक शब्द न बदलता. ऐकून तो हसला नाही. “उत्तरार्ध खरंच कंटाळवाणा आहे का?” एवढेच त्याने विचारले. मी म्हटले, तू ऐकून सांग. परवा पूर्वार्ध संपला. मधे दिवाळीच्या पत्रिकांचे काम आले आहे. पाडव्यानंतर पुढची पाने घेऊ.